सोलापूरचे पद्मशाली व मालेगांवचे मोमीन : दोन ग्रंथांचें परीक्षण

पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेनें आपल्या ग्रंथमालेंतील चौदावें पुस्तक म्हणून श्री. आर. जी. काकडे यांची सोलापुरांतील विणकर जातींची सामाजिक व आर्थिक पाहणी इ. स. १९४७ मध्यें इंग्रजींत प्रसिद्ध केली. त्यानंतर पासष्ट वर्षांनीं, म्हणजे इ. स. २०१२ मध्यें, श्री. डग्लस हेन्स या अमेरिकन इतिहासकारांचा पश्चिम हिंदुस्थानांतील लहान शहरें आणि तेथील कारागीर व व्यापारी यांजवरील ग्रंथ केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयानें काढला, त्यांत इ. स. १८७० ते १९६० हा काळ घेतला आहे. पहिल्या ग्रंथाचें क्षेत्र एक शहर. दुसऱ्याचें सुरत, भिवंडी, मालेगांव, सोलापूर इत्यादि अनेक शहरें. दोन्ही ग्रंथ अर्थशास्त्राच्या कपाटांत ठेवले जातात, आणि त्यामुळें जुन्या कागदपत्रांचा शोध करणारी आमची मंडळी त्यांजकडे सहसा वळत नाहींत. याची हानि उभय पक्षांस पोंचली आहे असें आमचें मत असून, तें कां, हें दाखविण्यासाठीं या दोन ग्रंथांचा विचार येथें एकत्र करीत आहों.

परीक्षणाची कसोटी म्हणून आम्हीं एकच प्रश्न घेतला आहे. बाहेरून येऊन महाराष्ट्रांत स्थायिक झालेले दोन विणकर समाज, सोलापूरचे तेलुगुभाषी पद्मशाली आणि मालेगांवचे उत्तरेकडून आलेले मोमीन, यांची सांपत्तिक स्थिति परस्परांशीं ताडून पाहिली असतां कोणतें साम्य व कोणता भेद दिसतो? आणि त्या भेदाचें कारण जातींत शोधावें, गांवांत शोधावें, कीं येण्याच्या वाटेंत शोधावें? हा प्रश्न निव्वळ पंडिती नव्हे. ज्यांच्या पांच पांच पिढ्या येथील मातींत गेल्या त्यांस 'उपरे' म्हणण्याची खोड समाजांतून गेलेली नाहीं. आणि ज्या कागदांवरून या म्हणण्याची परीक्षा व्हावी, ते कागद कारखान्यांच्या माळ्यांवरून रद्दीच्या दुकानांत चालले आहेत. प्रश्न चुकीच्या रीतीनें मांडला गेला तर कोणते कागद राखावे हेंहि कोणास उमजणार नाहीं.

प्रथम दोन्ही समाजांची ओळख थोडक्यांत देतों. सोलापूर इ. स. १८१८ मध्यें इंग्रजांकडे गेलें, इ. स. १८६० मध्यें तेथें आगगाडी पोंचली, इ. स. १८७७ मध्यें पहिली कापडाची गिरणी, जिला लोक पुढें 'जुनी मिल' म्हणूं लागले, ती सुरू झाली. इ. स. १९०१ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती ७५,२८८ होती. पन्नास वर्षांनंतर ती अडीच लाखांवर गेली. या वाढींत तेलंगणांतून, म्हणजे त्या वेळच्या निजामाच्या राज्यांतून, आलेल्या पद्मशाली विणकरांचा वांटा फार मोठा. शहराच्या पूर्वभागांत त्यांची दाट वस्ती आहे. मार्कंडेय ऋषि हे त्यांचे मूळ पुरुष, आणि मार्कंडेयाचा पुत्र भावनाऋषि यानें प्रथम वस्त्र विणलें, अशी त्यांची परंपरा. नारळी पौर्णिमेस मार्कंडेयाचा रथ शहरांतून निघतो. भावनाऋषीच्या पत्नीचें नांव भद्रावती. सोलापुरांतील भद्रावती पेठ हें नांव ज्यानें ऐकलें असेल त्यास एखादा समाज आपलें पुराण नव्या गांवाच्या नकाशावर कसें उतरवितो याचें उदाहरण निराळें देण्याचें कारण नाहीं.

मालेगांवचा प्रकार वेगळा. नारोशंकर राजेबहादुर यांनीं इ. स. १७४० च्या सुमारास मोसम नदीकांठीं किल्ल्याचें काम आरंभिलें आणि त्या कामासाठीं सुरतेकडून व उत्तरेंतून कारागीर आणिले, असें सांगतात. परंतु आजच्या मालेगांवचे मोमीन विणकर मुख्यतः त्यानंतरचे. बनारस, आझमगड, अलाहाबाद या बाजूंनीं इ. स. १८५७ च्या धामधुमीनंतर व पुढील दुष्काळांत ते आग्रा रस्त्यानें दक्षिणेस उतरले. त्यांनीं आपली बोली व मशिदी आपल्याबरोबर आणिल्या, आणि सुती रंगीत लुगडीं विणून गांवास नांव मिळवून दिलें. मालेगांवास आगगाडी नाहीं. जवळचें ठाणें मनमाड. सोलापुरासारख्या मोठ्या कापड-गिरण्याहि तेथें उभ्या राहिल्या नाहींत. या दोन गोष्टींचें महत्त्व पुढें दिसून येईल.

आतां ग्रंथांकडे वळूं. श्री. काकडे यांच्या पूर्वीं, इ. स. १९३६ मध्यें, त्याच संस्थेनें श्री. एन. एम. जोशी यांचें मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागांतील नागरी हस्तव्यवसायांवरील पुस्तक काढलें होतें. त्यांत विचाराचा घटक धंदा हा होता. श्री. काकडे यांनीं घटक म्हणून जात घेतली, आणि 'विणकर' या सरसकट शब्दाखालीं दडलेले निरनिराळे समाज वेगळे करून त्यांच्या संसाराची विचारपूस केली. हें त्यांचें मोठें श्रेय. सरकारी अहवालांत विणकर हा नेहमीं मागाबरोबर मोजला जातो. अमुक शहरांत इतके माग, म्हणून इतके विणकर, अशी ती त्रैराशिकाची रीत. श्री. काकडे घरांत शिरले. कोण विणतो, कांड्या कोण भरतें, कर्ज कोणाचें, भाडें किती, हें विचारणारा मनुष्य आणि कचेरींत बसून मागांची बेरीज करणारा मनुष्य यांची योग्यता एक नव्हे. स्वातंत्र्य आलें त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकावांचून सोलापूरच्या हातमागाचा इतिहास लिहितां येणार नाहीं.

श्री. हेन्स यांचें श्रेय दुसऱ्या प्रकारचें. यंत्राच्या कापडानें हातविणकर बुडाला, ही आमच्याकडे दादाभाई-रमेशचंद्रांच्या काळापासून रूढ झालेली कथा त्यांनीं पश्चिम हिंदुस्थानापुरती तपासून पाहिली आणि ती अपुरी ठरविली. विणकर नाहींसा झाला नाहीं; तो हलला. खेड्यांतून कांहीं निवडक शहरांत आला, तेथें त्याच्याच जातींतले कांहीं जण कारखानदार झाले, त्यांनीं धांवता धोटा घेतला, डॉबी व जॅकार्ड घेतलें, आणि शेवटीं विजेचा माग घेतला. आज ज्यास असंघटित धंदा म्हणतात त्याचीं मुळें या शहरांत आहेत, असा त्यांचा सिद्धान्त. तो आम्हांस मूलतः मान्य आहे. परंतु वर सांगितलेल्या कसोटीवर दोन्ही ग्रंथ लावले असतां चार ठिकाणीं आमचें समाधान होत नाहीं. तीं ठिकाणें क्रमानें सांगतों.

(१) नांवाचा घोटाळा. जात हा घटक धरावयाचा तर जातीचें नांव स्थिर पाहिजे. आणि या दोन्ही समाजांचीं नांवें विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत स्थिर नव्हतीं. सोलापूर जिल्ह्याचें गॅझेटियर इ. स. १८८४ चें, नाशिकचें इ. स. १८८३ चें. त्या काळच्या सरकारी कागदांत 'साळी' हा शब्द आला म्हणजे तो मराठी बोलणारा, जिव्हेश्वरास मानणारा स्वकुळ साळी, कीं तेलुगु बोलणारा, मार्कंडेयास मानणारा पद्मसाळी, हें प्रत्येक ठिकाणीं ताडून पाहावें लागतें. तोगटी, कुरहिनशेट्टी, नीळकंठ, कोष्टी हे आणखी निराळे. मालेगांवकडे तर एकाच समाजास सरकार 'जुलाहा' म्हणे, तो स्वतःस 'मोमीन' म्हणवी, आणि पुढें 'अन्सारी' हें नांव पुढें आलें. या बदलांत मानाचा प्रश्न होता व तो योग्यच होता, परंतु इ. स. १९०१ व इ. स. १९३१ च्या खानेसुमारींचे आंकडे शेजारीं ठेवून 'अमुक जात इतकी वाढली' असें म्हणणारास त्यांतील किती वाढ माणसांची व किती नांवाची हें सांगतां येणार नाहीं. इ. स. १९३१ नंतर तर सर्व जातींची मोजणी प्रसिद्ध होण्याचेंच बंद झालें.

ही अडचण एकट्या आमच्या देशाची नव्हे. शिकागो शहरांत पोलंड व लिथुआनिया या दोन देशांचे लोक गेल्या शतकाच्या आरंभीं मोठ्या संख्येनें आले. दोन्ही शेजारचे, दोन्ही बहुतेक कॅथलिक, लिथुआनियन बहुतेक आणि पोलंडचेहि कांहीं रशियाच्या बादशहाच्या अमलाखालून आलेले. म्हणून आरंभींच्या अमेरिकन नोंदींत लिथुआनियन मनुष्य कधीं 'रशियन' तर कधीं 'पोल' म्हणून लिहिला जाई. पुढें या दोन समाजांच्या सुस्थितीची तुलना करूं पाहणारास आधीं हा गुंता सोडवावा लागला. कारकुनाच्या लेखणीखालीं दोन समाजांचा एक झाला म्हणजे तुलनेचा एक पाय जातो, आणि एका समाजाचे दोन झाले म्हणजे खोटा पाय फुटतो. श्री. काकडे यांनीं आपल्या काळापुरतीं नांवें नीट लाविलीं. त्या नांवांच्या मागील इतिहास मात्र वाचकावर सोडला.

(२) येण्याची वाट. 'दुष्काळ पडला आणि विणकर सोलापुरास आले' हें वाक्य इतक्या ठिकाणीं इतक्या वेळां छापलें गेलें आहे कीं, तें तपासण्याची कोणास आवश्यकता वाटत नाहीं. इ. स. १८७६-७७ चा दुष्काळ भयंकर होता, आणि १८९६-९७ चाहि; या दुसऱ्या दुष्काळांत सोलापूरच्या विणकरांस काम देऊन जगविण्याची योजना लोकमान्य टिळकांनीं पुढें मांडली होती, हें त्यांच्या चरित्राच्या वाचकांस माहीत आहेच. परंतु आगगाडीचे सन पाहा. लोहमार्ग सोलापुरास इ. स. १८६० मध्यें आला, रायचुरास १८७१ मध्यें गेला, आणि वाडीपासून सिकंदराबादपर्यंत निजामाची गाडी १८७४ मध्यें सुरू झाली. म्हणजे तेलंगणांतील विणकरास सोलापुरास येण्याची व परत जाण्याची सोय दुष्काळाच्या दोन वर्षें आधींच झाली होती. दुष्काळानें माणसें हांकलून दिलीं हें खरें. पण तीं कोठें जावीं हें आधीं ठरलेलें होतें. ज्या वाटेनें हंगामापुरता येऊन मजुरी करून जातां येतें, त्याच वाटेनें दुष्काळांत बायकापोरांसह येतां येतें.

उलटपक्षीं, इ. स. १८५७ नंतर बनारसहून निघालेल्या मोमिनास आगगाडी नव्हती. अलाहाबाद ते जबलपूर हा मार्ग १८६७ मध्यें झाला आणि मुंबईशीं त्याची गांठ १८७० मध्यें पडली. तोंपर्यंत आलेला मनुष्य आग्रा रस्त्यानें मजल दरमजल करीत आला. त्यास हंगामास येऊन परत जाणें शक्य नव्हतें. आमचें अनुमान असें कीं, दोन्ही समाजांच्या पुढील घडणींतील एक मोठा भेद येथेंच पडला. पद्मशाल्याचें गांव आणि शहर हीं दोन्हीं घरें पुष्कळ काळ चालूं राहिलीं. सोयरीक, देवकार्य, म्हातारपण यांसाठीं तेलंगणाची वाट खुली राहिली, आणि मजुरी उतरली म्हणजे माघार घेण्यास जागा उरली. मोमिनास मालेगांव हेंच गांव झालें. त्याच्या धंद्यांतील चिकाटीचें जें कौतुक होतें, त्याचा कांहीं भाग स्वभावाचा असेल. पण कांहीं भाग परतीची वाट नसल्याचा आहे.

श्री. हेन्स यांनीं श्री. तीर्थंकर रॉय यांच्यासह इ. स. १९९९ मध्यें विणकरांच्या स्थलांतरावर एक निबंध लिहिला. विणकराचें हालणें हें वसाहतकाळांतील आपत्तीचें अपत्य नसून फार जुनी रीत आहे, हा त्यांतील मुख्य मुद्दा. इतिहाससंशोधकांस याचा पुरावा शोधण्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. मंदसोरचा वत्सभट्टीनें रचलेला शिलालेख प्रसिद्धच आहे. फ्लीट यांनीं तो १८८८ मध्यें छापला. लाट देशांतून रेशमी वस्त्रें विणणारांची श्रेणी दशपुरास येते, मालव संवत् ४९३ मध्यें सूर्यमंदिर बांधते, आणि ५२९ मध्यें त्याचा जीर्णोद्धार करिते. आलेल्या विणकरांपैकीं कांहीं आपल्याच धंद्यांत राहिले, कांहींनीं धनुर्विद्या, कांहींनीं ज्योतिष असे दुसरे मार्ग धरिले, असें त्या लेखांतच नमूद आहे. ज्यास आज अर्थशास्त्री धंद्याचें विभाजन म्हणतात तें पंधराशें वर्षांपूर्वीं एका कवीनें आपण होऊन लिहून ठेविलें. एवढी नोंद सोलापूरच्या बाबतींत आम्हांस करतां येऊं नये, ही खेदाची गोष्ट.

(३) जात व वर्ग. हातमागाच्या भरभराटीच्या काळांत सोलापुरांत कारखान्याची पद्धत रूढ झाली. एका छपराखालीं अनेक माग, मालक एक, विणकर नगावर मजुरी घेणारे, आणि पुष्कळ ठिकाणीं तेथेंच आवारांत कुटुंबासह राहणारे. मालकाकडून उचल घ्यावयाची, ती फिटेपर्यंत दुसरीकडे जातां येत नाहीं, आणि ती सहसा फिटत नाहीं. मालक पद्मशाली, मजूरहि पद्मशाली. मार्कंडेयाच्या रथाचा दोर दोघांच्या हातांत. अशा समाजाची 'सरासरी' मिळकत काढणें म्हणजे एक पाय विस्तवावर व एक पाय पाण्यांत असलेल्या मनुष्यास सुखोष्ण ठरविण्यासारखें आहे. श्री. काकडे यांची जातवार मांडणी येथें अपुरी पडते. श्री. हेन्स यांनीं कारागिरांतूनच वर आलेल्या कारखानदाराकडे नीट लक्ष दिलें आहे, आणि या बाबतींत त्यांचा ग्रंथ पहिल्याच्या पुढें गेला आहे यांत संशय नाहीं.

तथापि स्त्रियांच्या मजुरीचा मुद्दा दोन्ही ग्रंथांच्या तुलनेंत जसा यावयास पाहिजे तसा येत नाहीं. सोलापूरची पद्मशाली स्त्री पुढें विडीकडे वळली. पान, तंबाखू व सूत घरीं आणावयाचें, विड्या वळून कारखान्यांत द्यावयाच्या, आणि हजारावर मजुरी घ्यावयाची. ही मजुरी कमी, कष्ट फार. परंतु ती रोख, आणि तिची नोंद स्त्रीच्या स्वतःच्या नांवें. इ. स. १९६६ चा विडी-कामगार कायदा आणि इ. स. १९७६ चा कल्याणनिधीचा कायदा यांमुळें या नोंदीस सरकारी मान्यता आली. कुंभारी येथें दहा हजार विडी-कामगार स्त्रियांची वसाहत उभी राहून इ. स. २००६ मध्यें तिचें उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्तें झालें; श्री. नरसय्या आडम यांच्या पुढाकारानें आंखलेल्या रे-नगर येथील तीस हजार घरांपैकीं पहिलीं पंधरा हजार इ. स. २०२४ च्या जानेवारींत देण्यांत आलीं. कागदावर नांव असल्यावांचून हें घडतें ना.

मालेगांवची मोमीन स्त्री घरांतच कांड्या भरी. ती मजुरी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नगांत मिळून जाई. तिचें वेगळें नांव कोणत्याहि वहींत नसे. म्हणून दोन कुटुंबांची मिळकत शेजारीं मांडली असतां सोलापूरच्या घरांत कमावणारीं दोन माणसें दिसतात आणि मालेगांवच्या घरांत एकच. आणि मग त्यावरून 'अमुक समाज स्त्रियांस काम करूं देत नाहीं' असा निष्कर्ष निघतो. काम दोन्ही घरांत होतें. भेद नोंदींत आहे. धर्मास व रूढीस कारण ठरविण्यापूर्वीं वहींतील रकाने पाहिले पाहिजेत. ही चूक करणारे लेखक पुष्कळ आहेत.

गिरण्यांचीहि गोष्ट तशीच. सोलापुरांत गिरणी असल्यामुळें मागावरील मजुरास एक दुसरें दार होतें, आणि कारखानदारास तें मनांत धरावें लागे. इ. स. १९४९ मध्यें जुनी मिल बंद पडली. १९५० मध्यें सरकारनें वटहुकूम काढून तिचा कारभार हातीं घेतला, आणि तो खटला नव्या घटनेखालील पहिल्या मोठ्या खटल्यांपैकीं एक म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथांत राहिला. म्हणजे गिरणी मेली तरी तिचा कागद राहिला. मालेगांवीं असें दुसरें दार नव्हतें. तेथील विणकरानें इ. स. १९३० नंतरच्या दशकांत विजेच्या मागाचा मार्ग धरिला. सोलापूरहि पुढें त्याच मार्गानें गेलें. नऊवारी लुगड्याचें गिऱ्हाईक कमी झाल्यावर चादर व टॉवेल यांवर त्यानें आपलें नांव केलें. श्री. हेन्स यांची कथा १९६० पाशीं थांबते, त्यामुळें गिरण्यांचा अस्त आणि मागवाल्यांवर त्याचा झालेला परिणाम तिच्या बाहेर राहतो. ग्रंथकारास मर्यादा घालून घ्यावीच लागते. पण तुलनेच्या दृष्टीनें निकालाचा दिवस मर्यादेबाहेर पडला.

(४) जागेची निवड. जात व गांव यांचे परिणाम वेगळे करावयाचे असतील तर एकाच गांवांतील दोन जाती आणि एकाच जातीचीं दोन गांवें अशी जोडी लावून पाहिली पाहिजे. ही जोडी महाराष्ट्रांत तयार आहे. भिवंडी येथें मोमीन विणकर पूर्वींपासून आहेत, आणि तेलंगणांतून आलेले पद्मशालीहि मोठ्या संख्येनें आहेत. तेथील पद्मानगर ही वस्ती त्यांचीच. माग तेच, सूत तेंच, बाजार तोच, फरक समाजाचा. उलट सोलापूरचा पद्मशाली आणि भिवंडीचा पद्मशाली यांत समाज एक, शहर निराळें. श्री. काकडे यांचें क्षेत्र एका शहरापुरतें असल्यानें त्यांस हें करतां येण्याजोगें नव्हतें. श्री. हेन्स यांच्या हातीं सर्व शहरें होतीं. पण त्यांचा रोख या शहरांतील साम्य दाखविण्याकडे असल्यामुळें भेद मागें पडले. त्यांच्याच सामग्रीवरून ही तुलना दुसऱ्या कोणीं केल्यास ती फलदायी होईल.

या चारहि आक्षेपांच्या तळाशीं एकच कारण आहे, तें साधनांचें. दोन्ही ग्रंथांचा भार पाहणीवर व सरकारी कागदांवर आहे: गॅझेटियरें, खानेसुमारी, इ. स. १९४२ चा हातमाग व गिरण्यांसंबंधीं नेमलेल्या समितीचा अहवाल इत्यादि. हे कागद ज्या हेतूनें लिहिले गेले, त्या हेतूचींच उत्तरें देतात. विणकरांच्या स्वतःच्या भाषेंतील कागद, सोलापुरास तेलुगु आणि मालेगांवीं उर्दू, हे संशोधनाच्या पंक्तींत अद्याप बसावयाचे आहेत. येथें आमच्या मंडळींचें काम सुरू होतें. शिवकालीन सनद सांपडली म्हणजे जो आनंद होतो तो कारखानदाराची रोजकीर्द सांपडली म्हणजे होत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु त्या रोजकीर्दींत व खतावणींत विणकराचें नांव, त्याचें मूळ गांव, दिलेली उचल, कापलेली मजुरी, आणि खातें एकाएकीं बंद झालें तो दिवस, हें सर्व असूं शकतें. दहा वर्षांच्या खतावण्या ओळीनें मिळाल्या तर 'हंगामी येणें' केव्हां संपलें आणि 'कायमचें राहणें' केव्हां सुरू झालें हें त्यांतून वाचतां येईल. तें दुसऱ्या कोणत्याहि कागदांतून वाचतां यावयाचें नाहीं.

सामान्य माणसाच्या कागदांतून मोठा ग्रंथ होतो याचें उदाहरण पाहिजे असल्यास थॉमस व झ्नानिएत्स्की या दोघांनीं इ. स. १९१८ ते १९२० या काळांत पांच भागांत प्रसिद्ध केलेला पोलंडच्या शेतकऱ्यावरील ग्रंथ पाहावा. अमेरिकेंत गेलेल्या पोलिश मजुरांचीं घरगुती पत्रें त्यांनीं वृत्तपत्रांतून जाहिरात देऊन, मोल देऊन मिळविलीं, आणि कुटुंबवार लावून छापलीं. दोन समाजांच्या तुलनेसाठीं आंकडे लागतात हें खरें. पण मनुष्य परमुलखांत कां राहिला, हें आंकडा सांगत नाहीं, पत्र सांगतें. सोलापुरांतून तेलंगणांत गेलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या, त्यांच्या कुपनांवरील चार ओळी, लग्नपत्रिका, मार्कंडेय मंदिराच्या वर्गणीच्या याद्या, जातपंचायतीचे निवाडे हे सर्व याच जातीचे कागद होत.

त्यांतहि एका वस्तूकडे हस्तलिखितांच्या संग्राहकांचें लक्ष आम्ही विशेष वेधूं इच्छितों. तेलंगणांत चेरियाल येथील नकाशी चित्रकार कापडावर लांबच लांब पट रंगवितात, आणि कूनपुली नांवाचे गायक ते पट उलगडून पद्मशाल्यांपुढें मार्कंडेय व भावनाऋषि यांचें पुराण गातात. जातीचा इतिहास म्हणून त्या पुराणाचा अक्षरशः स्वीकार करूं नये, हें सांगणें नको. परंतु पट कोणी करविला, केव्हां करविला, कोणत्या गांवच्या यजमानांपुढें गाइला, ही माहिती इतिहासाचीच आहे. असा पट सोलापुरांतील एखाद्या घरांत वा देवळांत आढळल्यास चित्रापूर्वीं त्यावरील नांवें उतरून घ्यावीं. मोमीन घराण्यांत असा पट नसतो. तेथें शजरा म्हणजे वंशावळ असते, मशिदीचा वक्फनामा असतो, थडग्यावरील लेख असतो. साधनें भिन्न असल्यामुळें एका समाजाचा इतिहास देवळांत व दुसऱ्याचा कबरस्तानांत शोधावा लागेल. दोन्हीकडे सारखे श्रम घेतल्याखेरीज तुलना न्याय्य होणार नाहीं.

तात्पर्य असें. श्री. काकडे यांचा ग्रंथ आपल्या काळाचें विश्वसनीय चित्र म्हणून संग्रहीं ठेवावा, पण त्यांतील जातवार रकाने मागील काळास लावूं नयेत. श्री. हेन्स यांचा ग्रंथ विणकराच्या ऱ्हासाची जुनी कथा दुरुस्त करणारा म्हणून वाचावा, पण शहरांमधील भेदांसाठीं त्यावर विसंबूं नये. सोलापूरच्या पद्मशाल्यास मिळालें तें गिरणीमुळें, विडीमुळें व परतीच्या गाडीमुळें. मालेगांवच्या मोमिनास मिळालें तें एका गांवांत सर्वस्व लावल्यामुळें. एक समाज उद्यमी व दुसरा मागासलेला असा निवाडा या दोन ग्रंथांतील पुराव्यावरून कोणासहि देतां येणार नाहीं. सोलापूर व मालेगांव येथील जुन्या कारखानदारांनीं व त्यांच्या वारसांनीं वह्या रद्दींत घालण्यापूर्वीं त्या एकदां जाणत्या मनुष्यास दाखवाव्या. तेलुगु व मोडी दोन्ही वाचणारा, तसाच उर्दू व मोडी दोन्ही वाचणारा, असा एकेक अभ्यासक संशोधन-संस्थांनीं या कामीं लावावा. वहींत पानें किती, पहिलें व शेवटचें साल कोणतें, भाषा कोणती, एवढी टीप जरी प्रत्येक वहीची झाली, तरी पुढील ग्रंथकारास आरंभ करण्यास तें पुरेसें आहे.